व्हायोलिनच्या कैदेतला संगीतकार

रोमानियाच्या पाच लेईंच्या नोटेवर एका संगीतकाराचे चित्र आहे. चेहरा भारदस्त, डोळे काहीसे थकलेले. जॉर्जे एनेस्कू हे त्यांचे नाव. नोटा हाताळणाऱ्या सामान्य रोमानियन माणसाला त्यांच्या दोन 'रोमानियन रॅप्सडी' तोंडपाठ असतात. उर्वरित जगाला ते ठाऊक आहेत ते प्रामुख्याने यहुदी मेन्युहिन यांचे गुरू म्हणून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील रसिक त्यांना थोर व्हायोलिनवादक मानत. वाद्यवृंदांतील वादकांना ते हातात स्वरलिपी न घेता संपूर्ण सिम्फनी संचालित करणारे संचालक म्हणून माहीत होते, आणि पियानोवरही त्यांची हुकमत व्यावसायिक वादकाच्या तोडीची होती. एनेस्कूंनी स्वतःकडे मात्र आयुष्यभर संगीतरचनाकार म्हणूनच पाहिले आणि नेमक्या त्याच कामासाठी त्यांना कधी पुरेसा वेळ मिळाला नाही. या ओढाताणीतच त्यांचे सारे आयुष्य गेले.

त्यांचा जन्म १९ ऑगस्ट १८८१ रोजी उत्तर मोल्दाव्हियातील लिवेनी या खेड्यात झाला. वडील कोस्ताके शेतजमिनींचा कारभार पाहणारे, तर घराण्यात धर्मगुरूंची परंपरा. जॉर्जेच्या आधी जन्मलेली सर्व भावंडे अगदी लहानपणीच दगावली होती. त्यामुळे या मुलाला आईवडिलांनी किती जपले असेल याची कल्पना करता येते. तीन वर्षांचा असताना त्याने जिप्सी वादकांचा एक ताफा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी लाकडाच्या तुकड्यावर दोरे ताणून तो त्यांची नक्कल करू लागला. घरच्यांनी हौसेने खेळण्यातले व्हायोलिन आणून दिले, तेव्हा हे खरे वाद्य नाही म्हणून चिडून त्याने ते विस्तवात टाकले. पुढे खरे व्हायोलिन आले आणि पहिला शिक्षक लाभला तो गावातलाच एक जिप्सी वादक. त्याला स्वरलिपी येत नव्हती. तो वाजवून दाखवी आणि मुलगा कानाने ते उचली.

ही गोष्ट आपल्याकडील वाचकाला विशेष परिचयाची वाटावी. रोमानियातील 'लाउतारी' म्हणजे पिढीजात पेशाने वाजवणारे कलावंत. त्यांतील बहुसंख्य रोमा जमातीचे होते आणि या जमातीचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले असे भाषाशास्त्र व जनुकशास्त्र सांगते. मोल्दाव्हियात हे लोक १८५५ पर्यंत कायद्यानेच गुलाम होते. एनेस्कूंच्या जन्माला तेव्हा अवघी सव्वीस वर्षे उरली होती. ज्यांना माणूस म्हणून मान नव्हता, त्यांच्याच हाती त्या देशाचे संगीत टिकून होते. एनेस्कूंना हे ऋण अखेरपर्यंत विसरता आले नाही.

वयाच्या सातव्या वर्षी, १८८८ मध्ये, या मुलाला व्हिएन्नाच्या संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाला. एवढ्या लहान विद्यार्थ्याला घेण्याची तिथे प्रथा नव्हती. व्हायोलिनचे शिक्षक योसेफ हेल्मेसबर्गर यांनी काही काळ त्याला स्वतःच्या घरीच ठेवून घेतले. हे शिक्षक ऑपेरागृहातही संचालक असल्याने वाग्नरची संगीतनाट्ये मुलाच्या कानावर सतत पडत राहिली. विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात बसून, प्रत्यक्ष ब्राम्स उपस्थित असताना त्यांचे संगीत वाजवण्याचे भाग्यही त्याला लाभले. तेरा वर्षे पूर्ण होण्याआधीच तो रौप्यपदक मिळवून बाहेर पडला.

एवढ्यावर थांबला असता तर तो युरोपातील अनेक बालप्रतिभावंतांपैकी एक ठरला असता. मात्र १८९५ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे त्याने आधी मासने आणि मग गाब्रिएल फोरे यांच्याकडे रचनाशास्त्राचा अभ्यास केला आणि आंद्रे गेदाल्ज यांच्याकडून काउंटरपॉइंट, म्हणजे अनेक स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी गुंफण्याचे शास्त्र आत्मसात केले. फोरेंच्या वर्गात मॉरिस राव्हेल हा सहाध्यायी होता. ६ फेब्रुवारी १८९८ रोजी एदुआर कोलोन यांच्या प्रतिष्ठित मैफलींत एनेस्कूंची 'रोमानियन पोएम' ही वाद्यवृंदरचना सादर झाली. रचनाकाराचे वय तेव्हा सोळा वर्षे होते. महिनाभरातच हीच रचना बुखारेस्टमध्ये त्यांनी स्वतः संचालित केली. मुलगा रातोरात राष्ट्रीय नायक बनला. राणी एलिझाबेथ स्वतः कवयित्री होती आणि कार्मेन सिल्व्हा या टोपणनावाने लिहीत असे. तिने या तरुणाला सिनाया येथील राजवाड्याचे दार उघडून दिले. १८९९ मध्ये पॅरिसच्या महाविद्यालयात व्हायोलिनचे पहिले पारितोषिकही त्यांनी मिळवले.

पुढची दोन वर्षे त्यांच्या प्रतिभेला बहर आला. १९०० मध्ये आठ तंतुवाद्यांसाठी लिहिलेला 'ऑक्टेट' ऐकताना हे काम एकोणीस वर्षांच्या मुलाचे आहे यावर विश्वास बसत नाही. चार भाग, पण चारही मिळून एकच भव्य वास्तू. आठ वादक आणि आठही स्वतंत्रपणे बोलणारे. १९०१ मध्ये लिहिलेल्या दोन रॅप्सडींचे भाग्य वेगळे निघाले. १९०३ मध्ये बुखारेस्टला त्या प्रथम वाजल्या आणि लवकरच जगभर पोहोचल्या. पहिली रॅप्सडी तर मद्यगृहातील गाण्यापासून सुरू होऊन बेभान नृत्यापर्यंत जाते. श्रोते जागेवर बसू शकत नाहीत. या लोकप्रियतेने एनेस्कूंचे मोठे नुकसान केले. पुढील पन्नास वर्षांत त्यांनी जे गंभीर, गहन लेखन केले, ते या दोन तरुणपणीच्या रचनांच्या आड दडून राहिले. कलावंताच्या कपाळी पहिलेच यश कायमचे चिकटल्याची उदाहरणे आपल्याकडील नाट्यसंगीतातही सापडतील.

पोटासाठी व्हायोलिन वाजवणे भाग होते. या वाद्याबद्दल एनेस्कूंच्या मनात प्रेमाइतकाच वैतागही होता. तासन्‌तास सराव करायचा, आगगाड्या पकडायच्या, गावोगावी तेच कार्यक्रम करायचे आणि मग उन्हाळ्याचे चार आठवडे रचनेसाठी वाचवायचे, असा हा क्रम दशकानुदशके चालला. मिळालेल्या पैशातला मोठा वाटा ते इतरांवर खर्च करीत. तरुण रोमानियन रचनाकारांना पुढे येण्यास वाव मिळावा म्हणून १९१२ मध्ये त्यांनी स्वतःच्या कमाईतून एक पारितोषिक सुरू केले. जवळजवळ सगळे नामवंत रोमानियन रचनाकार पुढे या पारितोषिकाच्या वाटेने आले.

संचालक म्हणून त्यांनी स्वतःच्या देशात जे केले त्याला तोड नाही. बीथोव्हेनची नववी सिम्फनी रोमानियात प्रथमच संपूर्ण सादर झाली ती डिसेंबर १९१४ मध्ये, त्यांच्या संचालनाखाली. १९१६ मध्ये रोमानिया महायुद्धात उतरला आणि त्याच वर्षअखेर बुखारेस्ट जर्मनांच्या हाती पडले. राजघराणे, सरकार आणि लाखो निर्वासित ईशान्येकडील याश शहरात दाटीवाटीने राहू लागले. टायफस ज्वराची साथ पसरली होती. एनेस्कूंना पॅरिसला निघून जाणे अशक्य नव्हते. पण ते याशमध्येच राहिले, रुग्णालयांत जखमींपुढे व्हायोलिन वाजवत फिरले आणि निर्वासित वादकांना एकत्र करून त्यांनी तिथे एक सिम्फनी वाद्यवृंद उभा केला.

या काळातील एक गंमतीदार वाटावी अशी पण जीवघेणी घटना आहे. जर्मन आणखी पुढे येतील या भीतीने सरकारने देशाचा सुवर्णसाठा सुरक्षिततेसाठी मॉस्कोला पाठवला. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, एनेस्कूंच्या हस्तलिखितांची पेटीही मॉस्कोला रवाना झाली. पुढे रशियात क्रांती झाली आणि सगळेच अडकले. सात वर्षे एनेस्कूंना आपल्या रचनांचे काय झाले हे कळले नाही. १९२४ मध्ये ती पेटी त्यांना परत मिळाली. रोमानियाचे नव्वद टनांहून अधिक सोने मात्र शंभर वर्षे उलटली तरी परतलेले नाही.

युद्धानंतर देशात सरकारी ऑपेरा संस्था स्थापन झाली, तेव्हा डिसेंबर १९२१ मधील उद्‌घाटनाला वाग्नरचे 'लोहेन्ग्रिन' त्यांनीच संचालित केले. १९२३ पासून अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांसमोरही ते उभे राहू लागले. त्यांची स्मरणशक्ती हा वादकांच्या चर्चेचा कायमचा विषय असे. बाखच्या समग्र वाङ्‌मयाचा मोठा भाग, बीथोव्हेनची सर्व चतुष्के, वाग्नरच्या नाटकांचे अंकच्या अंक त्यांच्या डोक्यात होते. १९२७ मधील एक प्रसंग मेन्युहिन यांनी नोंदवून ठेवला आहे. राव्हेल नुकतीच पूर्ण केलेली व्हायोलिन सोनाटा घेऊन अचानक एनेस्कूंच्या घरी आले. प्रकाशकांना ती ताबडतोब ऐकवायची होती. एनेस्कूंनी शिकवणी थांबवली, राव्हेल पियानोवर बसले आणि दोघांनी रचना एकदा वाचून काढली. मग एनेस्कूंनी कागद बाजूला सारले आणि पुन्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारी रचना पाठ वाजवली.

शिकवणी ज्याची चालली होती तो मुलगा होता अकरा वर्षांचा यहुदी मेन्युहिन. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लहानपणी त्याने एनेस्कूंना ऐकले होते आणि शिकायचे तर यांच्याकडेच, असा हट्ट धरला होता. पॅरिसमध्ये कुटुंब पोहोचले तेव्हा एनेस्कू दौऱ्यावर निघण्याच्या घाईत होते. सामान बांधता बांधता त्यांनी पहाटे त्या मुलाचे वादन ऐकले आणि होकार दिला. त्यांनी शिकवणीचे पैसे घेतले नाहीत. त्या उन्हाळ्यात मेन्युहिन कुटुंब सिनायाला जाऊन राहिले. बोटे कुठे ठेवावीत, गज कसा धरावा याची चर्चा एनेस्कू फारशी करीत नसत. ते पियानोवर बसून साथ करीत, मधेच गुणगुणत आणि रचनेचा आशय शिष्याच्या मनात उतरवत. सिनायातच त्या मुलाने जिप्सी वादकांचे कागदाविना चालणारे, उत्स्फूर्त संगीत जवळून ऐकले. काही काळाने, जर्मन परंपरेची शिस्तही हवी म्हणून, एनेस्कूंनीच त्याला आडोल्फ बुश यांच्याकडे पाठवले. आपला सर्वांत तेजस्वी शिष्य दुसऱ्या गुरूच्या स्वाधीन करायला मोठे मन लागते. मेन्युहिन नंतर परत आले. १९३२ मध्ये गुरुशिष्यांनी बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्तोचे ध्वनिमुद्रण केले, ते आजही ऐकले जाते.

हेच मेन्युहिन १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले. मुंबईत त्यांची पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी भेट झाली आणि त्यातूनच पुढे अय्यंगारांचा योग युरोपात पोहोचला. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांना पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे आणण्यातही मेन्युहिन यांचा पुढाकार होता. स्वरलिपीच्या चौकटीबाहेरील संगीताविषयी त्यांच्या मनात जो आदर होता, त्याची पहिली रुजवण सिनायात झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. ग्रुमिओ, इडा हेन्डेल, क्रिस्तियां फेरास, इव्री गित्लिस ही एनेस्कूंच्या इतर शिष्यांची नावे. त्यांतील कोणाचेही वादन दुसऱ्यासारखे नाही आणि गुरूसारखेही नाही.

जिप्सी वादकांचे ऋण एनेस्कूंनी फेडले ते १९२६ मधील तिसऱ्या व्हायोलिन सोनाटात. तिच्या शीर्षकातच ती रोमानियन लोकस्वभावाची असल्याचे म्हटले आहे. तरीही तिच्यात एकही प्रत्यक्ष लोकगीत नाही. लयीच्या बंधनाबाहेर लांबत जाणारी सुरावट, दोन स्वरांमधील श्रुतींवर रेंगाळणे, मींड, कंप, पक्ष्यांचा किलबिलाट, पियानोतून निघणारा तंतुवाद्याचा झणत्कार असे सारे तिच्यात आहे. आलाप ऐकण्याची सवय असलेल्या कानांना या सोनाटाचा दुसरा भाग परका वाटणार नाही. मौज अशी, की हे सगळे उत्स्फूर्त भासणारे संगीत एनेस्कूंनी कागदावर कमालीच्या काटेकोरपणे, जवळजवळ प्रत्येक स्वराला सूचना देऊन लिहिले आहे.

त्यांच्या खासगी जीवनाची कहाणी सुखाची नाही. मारिया, म्हणजेच मारुका, ही राजपुत्र मिहाइल कांताकुझिनो यांची पत्नी. तिच्यावर एनेस्कूंनी तरुणपणीच जीव लावला. १९२८ मध्ये पतीच्या अपघाती मृत्यूनंतरही दोघांचे लग्न लगेच झाले नाही. मध्यंतरी ती तत्त्वज्ञ नाए इयोनेस्कू यांच्या प्रेमात पडली आणि ते संबंध तुटल्यावर १९३३ च्या सुमारास तिचे मानसिक संतुलन ढळले. एनेस्कू दौरे सोडून तिच्याजवळ धावले आणि दीर्घकाळ तिची शुश्रूषा करीत राहिले. डिसेंबर १९३७ मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हा एनेस्कू छप्पन्न वर्षांचे होते. लग्नानंतरही ती स्वतःला राजकन्या म्हणवीत असे. तिची राहणी त्या इतमामाची होती आणि तिचा खर्च व्हायोलिनच्या कमाईतून भागत होता.

तिलाच त्यांनी आपले सर्वांत मोठे काम अर्पण केले. १९१० च्या सुमारास पॅरिसमध्ये सोफोक्लीजचे 'इडिपस' रंगभूमीवर पाहिले आणि या कथेने त्यांना झपाटले. एदमों फ्लेग यांनी संहिता लिहिली. जन्मापासून मृत्यूपर्यंत इडिपसचे संपूर्ण आयुष्य तिच्यात आले. दौऱ्यांच्या फटीफटींत, आगगाडीत, उन्हाळ्याच्या सुटीत हे लेखन चालले. आराखडा १९२२ मध्ये, वाद्यवृंदलेखन १९३१ मध्ये पूर्ण झाले आणि १३ मार्च १९३६ रोजी पॅरिस ऑपेरात 'ओदिप' प्रथम रंगले. मूळ कथेतील स्फिंक्सचे कोडे इथे बदलले आहे. नियतीहून बलवान कोण, असे ती विचारते आणि इडिपस उत्तर देतो, माणूस. स्फिंक्स मरताना हसते; तिच्या शेवटच्या किंकाळीसाठी एनेस्कूंनी वाद्यवृंदात चक्क गजाने वाजवायची करवत आणली आहे. समीक्षकांनी प्रशंसा केली, पण थोड्याच प्रयोगांनंतर ते मागे पडले. पंचवीस वर्षांच्या कष्टाचे हे फळ त्यांच्या हयातीत त्यांच्या मायदेशात एकदाही रंगमंचावर आले नाही.

त्याच सुमारास न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधून तोस्कानिनी निवृत्त झाले. १९३७ च्या आरंभी एनेस्कूंना पाहुणे संचालक म्हणून पाचारण करण्यात आले. पुढच्या दोन वर्षांतही ते तिथे गेले. कायमचे पद मात्र त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान असलेल्या जॉन बार्बिरोली यांना मिळाले. ते पद मिळाले असते तर गावोगावची वणवण तरी टळली असती.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षे त्यांनी रोमानियातच काढली. १९४३ मध्ये धर्मपुत्र दिनू लिपात्ती यांच्यासह त्यांनी आपल्या सोनाटांचे ध्वनिमुद्रण केले. लिपात्ती नंतर अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेले. १९४६ मध्ये एनेस्कू मॉस्कोला जाऊन दाविद ओइस्त्राख यांच्यासोबत रंगमंचावर आले आणि मे महिन्यात मेन्युहिन बुखारेस्टला आले. देशात साम्यवाद्यांची पकड घट्ट होत होती. मारुकासारख्या सरंजामी घराण्यातील स्त्रीला तिथे भविष्य नव्हते. त्या सप्टेंबरमध्ये मैफलींच्या निमित्ताने दोघे अमेरिकेला निघाले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस राजाला पदत्याग करावा लागला. एनेस्कूंनी मायदेश पुन्हा पाहिला नाही.

साठी ओलांडलेल्या या माणसाजवळ आता जमीन नव्हती की साठवलेले धन नव्हते. पाठीचा कणा वाकत चालला होता आणि त्यामुळे व्हायोलिन धरणे कठीण झाले होते. श्रवणदोष असा, की स्वर मूळ उंचीवर ऐकू येत नसत. अशा अवस्थेतही या काळात त्यांनी बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहाही रचनांचे ध्वनिमुद्रण केले. तंत्राच्या दृष्टीने त्यात खाचखळगे आहेत. गज थरथरतो, सूर क्वचित डळमळतो. तरीही जाणकार व्हायोलिनवादक ते मुद्रण जपून ठेवतात, कारण प्रत्येक वाक्याचा अर्थ त्यात उलगडलेला आहे. जानेवारी १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला. वादक, पियानोवादक, संचालक आणि रचनाकार अशा चारही भूमिका त्यांनी एकाच कार्यक्रमात निभावल्या. १९५१ मध्ये लंडनला बीबीसीसाठी त्यांनी बाखचा बी मायनर मास संचालित केला. गायकांत कॅथलीन फेरियर आणि पीटर पिअर्स होते. ते मुद्रण उपलब्ध आहे आणि संचालक म्हणून एनेस्कू काय होते हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने तिथूनच सुरुवात करावी.

पॅरिसमध्ये क्लिशी रस्त्यावरील एका छोट्या जागेत ते राहत. शिकवण्या करीत, सिएना आणि इंग्लंडमध्ये उन्हाळी वर्ग घेत. बुखारेस्टहून परतण्यासाठी निरोप येत होते. ते गेले नाहीत. बारा वाद्यांसाठीची 'चेंबर सिम्फनी' ही त्यांची अखेरची पूर्ण रचना. १९५४ च्या उन्हाळ्यात पक्षाघाताने हात लुळा पडला, तेव्हा शेवटच्या सूचना त्यांनी स्नेही मार्सेल मिहालोविची यांना सांगून लिहून घेतल्या. तिचा क्रमांक ३३. सहा दशकांहून अधिक काळ लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर तेवढ्याच क्रमांकित रचना आहेत. बाकीच्या कितीतरी अर्धवट आराखड्यांच्या रूपात राहिल्या. जानेवारी १९५५ मध्ये ती पॅरिसमध्ये सादर झाली. ४ मे १९५५ च्या पहाटे एनेस्कूंचे निधन झाले. पेर लाशेझ दफनभूमीत त्यांची कबर आहे.

जिवंतपणी जो परतला नाही त्याला मायदेशाने मृत्यूनंतर लगेच आपलेसे केले. बुखारेस्टच्या फिलहार्मोनिकला आणि लिवेनी गावाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या कांताकुझिनो राजवाड्याच्या आवारात ते काही काळ राहिले, तिथे आज त्यांचे संग्रहालय आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये त्यांच्या नावाचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव बुखारेस्टमध्ये भरला. आता तो दर दोन वर्षांनी भरतो. त्या पहिल्या महोत्सवात 'ओदिप' प्रथमच रोमानियन रंगमंचावर आले. आणि ज्या अथेनियम सभागृहात सोळा वर्षांच्या एनेस्कूंनी संचालनाची छडी प्रथम उचलली होती, तिथे मेन्युहिन आणि ओइस्त्राख शेजारी शेजारी उभे राहिले आणि त्यांनी बाखचा दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्तो वाजवला.